उतरलेली पट्टी

पेटीवाल्याने भात्याला नवं चामडं लावून दिलं होतं. हवा कुठून फुसकते का, एवढंच बघायला जानरावने डाव्या हाताने भाता ओढला, उजव्या हाताचं बोट काळी चारवर ठेवलं आणि अंगवळणी पडल्याप्रमाणे तोंड उघडून आपल्या गाण्याची पहिली ओळ लावली. ओळ लागली नाही. वाशीमच्या भर बाजारात, सकाळी नऊ वाजता, शेजारच्या दुकानात कोणी पायलीने ज्वारी मोजत असताना, त्याचा गळा त्या सुरापर्यंत गेला, चरचरला आणि माघारी आला. "गला बैठा क्या, दादा? गरम पानी पियो," पेटीवाला खाली मान घालूनच म्हणाला. जानरावने पुन्हा लावून पाहिली. पुन्हा तेच. कालच तर शिरपूरला हीच ओळ तो लोकांच्या डोक्यावरून पार देवळाच्या कळसाकडे भिरकावून आला होता. मग त्याने डोळे मिटले, समोर पेटी आहे हेच विसरला, आणि काल गायला तसं नुसतं गायला. ओळ निमूट आली, संध्याकाळी गाय आपल्या दावणीला येते तशी. ती तशीच घशात धरून तो बोटाने तिला पेटीवर शोधू लागला. काळी चार नव्हे. तिच्या खालची पांढरी पाच नव्हे. त्याखालची काळी तीनही नव्हे. बोट पांढरी चारवर पडलं तेव्हा पेटीचा आवाज आणि त्याचा आवाज एक झाले. तीन घरं खाली. पैसे देऊन, पेटी खांद्यावर घेऊन तो रस्त्यावर आला तरी ती पांढरी पट्टी बोटाच्या टोकाला लागलेलीच होती.

गाणाऱ्याची एक पट्टी असते. पेटीवरच्या ज्या पट्टीवर त्याचा सा बसतो ती त्याची, आणि मग बेंजोच्या तारा तिथे बांधायच्या, ढोलकीची शाई तिथे बोलती करायची, सगळं घर त्या एका खुंटीवर टांगायचं. जानरावची पट्टी काळी चार. हे वाशीमपासून मंगरूळपर्यंत शेंबड्या पोराला ठाऊक होतं. नवज्योत गायन पार्टी तीस वर्षं जुनी. सुरुवातीला जलसा म्हणायचे, छप्पन साली दीक्षा झाली आणि गाणी बदलली, माणसं तीच राहिली. गाणारा जानराव, बेंजोवर ग्यानबा, पेटीवर शेषराव, ढोलकीला पंजाबराव. जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत तीन आठवडे ही चौकडी गावोगाव हिंडायची. हँडबिल छापणाऱ्याने एका वर्षी आपल्याच मनाने नावाआधी 'विश्वविख्यात' असं जोडून दिलं, तेव्हापासून शेषराव या फिरण्याला विश्वदौरा म्हणत असे. विश्व म्हणजे मालेगाव, शिरपूर, जऊळका, अनसिंग, रिसोड. एस.टी. जिथवर जाते तिथवर विश्व. पुढे पायी. या चौऱ्याहत्तर सालच्या दौऱ्यात एकच गोष्ट नवी होती. ग्यानबाच्या जागी रामधन होता, जऊळका स्टेशनवरचा हमाल, तिशीचा, फार न बोलणारा, बेंजोच्या चाव्यांवर बोटं ठेवली की जिभेचं सगळं काम बोटांकडे सोपवणारा.

आता पेटी खांद्यावर घेऊन स्टँडकडे जाताना जानरावला हा सगळा उन्हाळा उलट दिशेने दिसू लागला. केवढा सुखाचा गेला होता तो. पहिल्या दोन गावांत घसा नेहमीसारखा खरवडत होता, मग जऊळक्यापासून कोणीतरी आतून खिडकी उघडल्यासारखं झालं. अनसिंगला तर तो गाता गाता हसला होता. गाणं वर चढायचं आणि त्याला धाप लागायची नाही. रात्री झोप लागायची. बायको वच्छला ज्येष्ठमधाच्या कांड्या बांधून द्यायची, त्याने तिलाही श्रेय दिलं, पण खरं श्रेय त्याने दिलं ते रामधनला, आणि तेही माईकवरून. दर गावात पहिलं गाणं झालं की घाम पुसत तो म्हणायचा, मंडळी, बेंजोवाला बदलला अन् माहा गळा मोकळा झाला. लोक हसायचे. एवढ्याने भागलं असतं तर ठीक होतं. तो पुढे म्हणायचा, तीस वर्सं एक मानूस माह्या मागं बसून माहा गळा दाबून राह्यला होता, मले पत्ताच नाई. लोक आणखी हसायचे, आणि त्याला वाटायचं की आपण गमतीने बोलतो आहोत. बारा गावं. बारा वेळा. गाणारा पुढे उभा राहतो आणि वाजवणारे मागे बसतात, त्यामुळे त्या तिघांची तोंडं तेव्हा कशी होत होती हे त्याला कधी दिसलं नाही. ते मूग गिळून बसले होते, आणि खांद्यावरच्या पेटीचा कोपरा आता बरोबर मानेच्या शिरेत रुतत होता, तरी त्याने खांदा बदलला नाही.

दगडाचा वास आला. स्टँडच्या कोपऱ्यात रस्त्याच्या कामाची खडी पडली होती, ऊन तापत होतं, आणि तापलेल्या दगडाला एक वास असतो तो ज्याने खडी फोडली आहे त्यालाच येतो. दुष्काळाची दोन वर्षं सगळी पार्टी दुष्काळी कामावर होती. जानराव, ग्यानबा आणि दोघांच्या बायका एका ओळीत बसायच्या, हातोडी पडायची, पांढरा भुगा उडायचा, नाकात, पापण्यांत, भाकरीत. ग्यानबा तोंडाला फडकं बांधायचा आणि जानरावलाही सांगायचा, बांध गा, गळा हाये तुहा. जानराव बांधायचा नाही. हातोडीच्या ठेक्यावर तो गायचा, ओळीतले लोक मागे म्हणायचे, काम हलकं व्हायचं, आणि तोंडाला फडकं बांधून कुणाला गाता येतं. त्या भुग्यातून, त्या पांढऱ्या दुपारीतून चालत आल्यासारखा मागच्या वर्षीचा मालेगावचा कार्यक्रम आला. जयंतीचा दिवस, मैदान भरलेलं, आणि तिसऱ्या गाण्याआधी ग्यानबा मागून हळूच म्हणाला, "जानराव, अर्धा सूर उतरू दे. तुले जड जाऊन राह्यलं." हळूच म्हणाला, पण माईक जवळ होता आणि पुढच्या दोन रांगांनी ऐकलं. जानरावच्या अंगाचा तिळपापड झाला. तो माईकमध्ये म्हणाला, "मंडळी, आमच्या बेंजोवाल्याचा बेंजो चढला हाये. म्हातारा झाला, तार बांधता येत नाई त्याले आता." मैदान हसलं. ग्यानबाने ते गाणं शेवटपर्यंत वाजवलं, एक जागा सोडली नाही, मग बेंजो धोतराच्या धडप्यात गुंडाळला आणि सकाळच्या गाडीने आसेगावला आपल्या दोन एकरांत निघून गेला. एवढंच. भांडण म्हणावं तर दुसऱ्या माणसाने भांडायला पाहिजे होतं. आणि बेंजो चढलेला नव्हता, हे जानरावला तेव्हाही कळत होतं. आजचा शेवटचा कार्यक्रम आसेगावला होता.

गाडीत शेषराव आणि पंजाबराव मागच्या बाकावर जाऊन बसले आणि बसल्या बसल्या पेंगायला लागले. रामधन जानरावच्या शेजारी, मांडीवर बेंजो. खिडकीबाहेर उन्हाळ्यातली रानं, नांगरून उताणी टाकलेली, मधे एखादा पळस, एखादी विहीर, पाण्यावाचून तोंड वासून. गाडीच्या इंजिनाचाही एक सूर असतो. तो चढावर चढतो, उतारावर उतरतो, कोणाला त्याचं वाईट वाटत नाही. जानरावला वाटलं, आपण हे विचारलंच नाही तर. आजचा दिवस गेला की दौरा संपतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणाचा गळा, कोणाची पट्टी.

"रामधन," तो म्हणाला, "माहा सूर कोन्ता?"

"काळी चार, दादा."

"सकायी पेटीवर पाह्यला म्या."

रामधन बाहेर बघत राहिला. कंडक्टर तिकिटं देत पुढे गेला. जानरावने विचारलं, "कवापासून?"

"जऊळक्यापासून. तती अर्धा उतरवला. मंग अनसिंगले अर्धा. मंग शिरपूरच्या आंधी."

"शेषरावले मालूम हाये?"

"पेटी तेच वाजवतेत ना, दादा."

"कोनाची अक्कल ही? तुही?"

"माही कुठची." रामधनने बेंजोवरचं फडकं सारखं केलं, ते सारखंच होतं. "ग्यानबा मामाची."

मग तो बोलला, तुटक, जणू स्टेशनवर सामानाचा एकेक डाग उतरवून ठेवतो आहे. हिवाळाभर दर बाजाराच्या दिवशी ग्यानबा मामा आसेगावहून जऊळक्याला यायचे. मालाच्या खोलीमागे बसून त्यांनी त्याला पार्टीची सगळी गाणी बसवून दिली, जानराव कुठे श्वास घेतो, कुठे ओळ लांबवतो, कुठे शब्द विसरतो, सगळं. शेषरावला निरोपही त्यांनीच पाठवला, की पोरगं चांगलं आहे, ठेवून घ्या, माझं नाव सांगू नका. "मामा म्हने, जानरावचा गळा खडीच्या भुग्यानं गेला. तोंडावर सांगतलं का त्याले राग येते, म्या सांगून पाह्यलं. तू सांगू नोको. एका टायमाले अर्धाच उतरव, त्याच्या ध्यानात येत नाई. तो मांगं पाहात नसते."

जानरावचे दोन्ही हात पुढच्या बाकाच्या दांडीवर होते. "अन् म्या मायकावर बोलत होतो, ते?"

"पोचलं त्याइले. अनसिंगची मान्सं आसेगावले येतेत."

"काय म्हने?"

"म्हने, बोलू दे. गळा मोकळा झाला म्हन्ते ना? मंग झालं तर."

यापुढे आसेगावपर्यंत काय दिसलं ते जानरावला सांगता आलं नसतं. शिवी दिली असती तरी बरं, असं त्याला वाटत होतं. शिवीला उत्तर असतं. त्याला आठवत होतं ते भलतंच, ग्यानबाच्या अंगठ्याचं नख, तार ओढून ओढून मधोमध चिरलेलं. तीस वर्षं गाडीत आपल्या शेजारी ते नख होतं. दोघं विशीत होते तेव्हा एका गावाने त्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं, आणि रात्रभर गायलेल्या घशाने जानराव सकाळी बोलू शकत नव्हता, तेव्हा ग्यानबा तीन मैल जाऊन नाल्यातलं पाणी लोट्यात घेऊन आला होता आणि लोटा देताना म्हणाला होता, हळू पी. त्या पाण्याची चव मातकट होती. ती आता जिभेवर आली आणि त्याच वेळी त्याला भीती वाटली, साधी, उघडी भीती, की आपल्याला लोक बोलावतात ते काळी चारला. माणसाला नाही. काळी चार गेली हे चार लोकांत झालं तर पुढच्या वर्षी कोण बोलावणार, आणि कोणी बोलावलं नाही तर चैत्र-वैशाखात आपण घरात बसून काय करायचं. वच्छलाच्या चुलीपुढे बसून शेंगा सोलायच्या. गप्प राहणं किती सोपं होतं. आज पांढरी चारवर गायचं, लोक टाळ्या वाजवणार, ग्यानबा ऐकणार आणि मेला तरी तोंडातून शब्द काढणार नाही. ग्यानबाने तर त्यासाठीच सगळी सोय करून ठेवली होती.

आसेगावला विहारापुढे मांडव होता. विहार म्हणजे विटांची एक खोली, पुढे पंचरंगी पताका, आणि लिंबाखाली पौर्णिमेच्या खिरीचं मोठं पातेलं. चार वाजले होते, ऊन अजून डोळ्यांवर येत होतं. बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, लहान पोरं मधे कुठेही. जय भीम, जय भीम करत जानराव पुढे सरकत होता आणि डोळ्यांनी शोधत होता. खिरीची वाटी हातात देणारी बाई भागिरथा निघाली, ग्यानबाची बायको. तिने वाटी पुढे केली पण सोडली नाही.

"खीर घ्या, भाऊजी."

"वयनी, ग्यानबा?"

"आला हाये. लिंबाखाली बसला, मांगं. म्या म्हनलं नोका जाऊ, तो मानूस आनखी काई बोलन. तर म्हने, आयकाले जातो, बोलाले नाई." तिने वाटी सोडली. "तुमाले गोड लागली का मायकावर बोलून?"

खीर गरम होती, त्याने ती उभ्यानेच खाल्ली, आणि ती घशातून उतरताना त्याला आपला घसा आतून पहिल्यांदा दिसल्यासारखा झाला, खरवडलेला, बारीक झालेला, रोजच्या जाण्यायेण्याने झिजलेल्या वाटेसारखा. वाईट नव्हता तो. थकला होता.

शेषरावने पेटी मांडली. पंजाबरावने ढोलकीवर थाप मारून पाहिली. रामधनने तारा लावल्या, पांढरी चारला, नेहमीप्रमाणे मान खाली घालून, पण त्याचे कान लाल झालेले दिसत होते. जानराव माईकपुढे उभा राहिला. लोक शांत झाले. पदराने वारा घेणाऱ्या बायांचे हात थांबले. पेटीचा सा सुरू झाला आणि सगळ्या गावाने वाट पाहिली त्या ओळीची, 'उजेड आला पाहुणा आमच्या वस्तीला', जी त्याने स्वतः रचली होती, आणि जी ऐकायला पाच कोसांवरून माणसं आली होती. त्याने तोंड उघडलं. ओळ तिथेच होती, दावणीला उभी, नुसतं सोडायचं होतं. लिंबाखाली एक पांढरं फडकं डोक्याला बांधलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि जमिनीकडे पाहत होता.

"शेषराव, थांब," जानराव म्हणाला.

पेटी थांबली. माईकमधून नुसता घूं असा आवाज येत राहिला. त्याला वाटलं, बोलताना आपला आवाज चढेल, माईकवर चढायची सवयच आहे, म्हणून त्याने तो मुद्दाम खाली ठेवला.

"मंडळी, म्या बारा गावाइत एक गोठ सांगतली. का माहा बेंजोवाला गेला अन् माहा गळा मोकळा झाला म्हून. तुमाले बी पोचली असन. ते खोटं हाये. माहा गळा मोकळा झाला नाई, माहा गळा गेला. खडी फोडता फोडता गेला. काळी चार आता मले होत नाई. हे जे तिघं मांगं बसले, त्याइनं मले तीन घरं उतरवून गाववलं, मले न सांगता, माही लाज राखाले. अन् ते करा म्हून सांगनारा मानूस तुमच्या गावचा हाये. मागल्या साली मालेगावले म्या म्हनलं होतं का त्याचा बेंजो चढला." त्याने लिंबाकडे पाहिलं. "चढला तो बेंजो नवता. मी चढलो होतो."

मांडवात हालचाल झाली. पाठीमागून एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, आणि ते सगळ्यांना ऐकू आलं, "गेला बाप्पा जानरावचा आवाज." दोघं-तिघं उठून उभे राहिले, पण जावं की नाही ते त्यांना ठरवता येईना. जानरावने ते पाहिलं. हेच होणार होतं आणि हे झालं होतं, आणि तरी तो अजून उभा होता, याचं त्याला नवल वाटत होतं.

"ग्यानबा," तो म्हणाला, "कोन्त्या सुरात गाऊ, सांग."

लिंबाखालचा माणूस हलला नाही. गावाने माना वळवल्या. भागिरथा पातेल्यापाशी पळी हातात धरून उभी होती. किती वेळ गेला कोण जाणे, एक पोर रडलं आणि त्याला कोणी उचलून घेतलं, एक पताका सुटून खांबावर फडफडत राहिली, आणि जानराव वाट पाहत राहिला. एरवी त्याला अर्धा क्षण शांतता सहन होत नसे, काहीतरी बोलून तो ती भरून टाकी. आता त्याने ती भरली नाही. ग्यानबा बोललाच नाही तर तेही बरोबर होईल, असं त्याला वाटलं.

ग्यानबाने मान वर केली. "पांढरी चार बी तुले जड जाते," तो म्हणाला, जसं मालेगावला म्हणाला होता तसंच, हळूच, फक्त या वेळी सगळ्यांसाठी. "काल शिरपूरले दुसऱ्या कडव्यात ताणत होता म्हने तू. पांढरी तीनवर घे. अन् घाई नोको करू."

कोणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. उभे राहिलेले लोक खाली बसले. रामधन चावी घेऊन तारा उतरवू लागला. बेंजोला तारा फार, एकेक उतरवायची, पेटीशी लावून पाहायची, पुन्हा थोडी ढिली करायची. ते सगळं गावापुढे, उघड्यावर चाललं होतं, आणि गाव बसून बघत होतं. शेषरावने पांढरी तीन दाबून धरली होती. तो सूर जानरावने आयुष्यात कधी आपला म्हणून ऐकला नव्हता. जाडा, खालचा, बाप घरात बोलतो तसा. तारा लागल्या. पंजाबरावने मान हलवली.

जानराव गायला. ओळ कळसाकडे गेली नाही, ती पुढच्या रांगेतल्या माणसांच्या गुडघ्यापाशी आली आणि तिथून हळूहळू मागे सरकत गेली, बायांमधून, पोरांमधून, लिंबापर्यंत. दुसऱ्या कडव्यात त्याला ताणावं लागलं नाही. त्याला रडू येत होतं आणि गाताही येत होतं, आणि दोन्ही त्या एकाच पट्टीत बसत होतं.